पाहुणे व्याख्याते

'लँडस्केप आर्किटेक्चर' या विद्येस मराठीत नेमके काय म्हणावे, हा प्रश्न आम्ही आजवर चार जाणकारांस विचारला आणि पाच उत्तरे घेऊन परतलो. कोणी भूदृश्यरचना म्हणतात, कोणी भूदृश्यकला. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी तर 'बागकाम म्हणा की सरळ' असे सांगून त्या बिचाऱ्या विद्येची दोन शब्दांत बोळवण केली. सर्वसामान्य माणसाची समजूतही याहून फारशी वेगळी नसते. इमारत पुरी झाली, कंपाउंडाच्या आत थोडी जागा उरली आणि मालकाच्या खिशात थोडा पैसा उरला, की तेथे हिरवळ, एक कारंजे आणि दोन वाकड्या वाटा करावयाच्या, याचे नाव लँडस्केप. वस्तुतः ही विद्या जमीन, पाणी, झाडे आणि माणसे यांचा एकमेकांशी मेळ घालण्याची आहे, आणि तिचे काम पायाचा पहिला खड्डा खणण्याच्या आधी सुरू व्हावयास हवे. परंतु लग्नात आचाऱ्यास आमंत्रण अक्षता पडल्यावर द्यावे, तशातला प्रकार बहुतेक ठिकाणी होतो.

आम्ही या विद्येचे पदवीधर नव्हे. आमचे सारे आयुष्य बडोद्यात आणि आसपास पाण्याच्या नळांत व मैल्याच्या गटारांत गेले, हे वाचकांनी शब्दशः घेतले तरी आमची हरकत नाही. निवृत्तीनंतर या भागातील एका महाविद्यालयातून भूदृश्यरचनेच्या विद्यार्थ्यांपुढे बोलण्यासाठी आम्हांस बोलावणे येऊ लागले, आणि गेली आठ वर्षे ते येत आहे. अभ्यासक्रमात अशा व्याख्यात्यांस 'गेस्ट फॅकल्टी' म्हणतात. आम्ही घरी 'पाहुणे व्याख्याते' म्हणतो, कारण चहा, बिस्किटे आणि निरोपाची घाई या तिन्ही गोष्टी पाहुणचारात मोडतात.

या व्याख्यानांचा एक ठरीव विधी असतो. 'आजच्या पाहुण्यांची ओळख करून देण्याची गरज नाही' असे म्हणून दहा मिनिटे ओळख करून दिली जाते. मग पुष्पगुच्छ येतो. झाडे कशी जगवावी हे शिकविणाऱ्या वर्गात मुळावेगळी केलेली, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली आणि रुपेरी फितीने आवळलेली फुले पाहुण्याच्या हाती द्यावयाची, ही गोष्ट आम्हांस कधीच रुचली नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही तसे स्पष्ट सांगितले, तेव्हापासून कुंडीतले रोप मिळते. त्यातली दोन रोपे आमच्या निष्काळजी शेजाऱ्यांकडेही जगली आहेत.

आता असा प्रश्न पडेल की, महाविद्यालयात प्राध्यापक असताना बाहेरची माणसे हवीत कशाला? त्याचे कारण या विद्येच्या स्वभावातच आहे. येथे भूगर्भ जाणणारा लागतो, पाणी जाणणारा लागतो, वनस्पतिशास्त्री लागतो, दगड फोडणारा लागतो आणि त्या जागेत वावरणाऱ्या माणसांच्या चालीरीती ओळखणाराही लागतो. एका डोक्यात हे सारे मावत नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९०० साली या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात इयन मॅकहार्ग या स्कॉटिश गृहस्थांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट' या नावाची जी व्याख्यानमाला चालविली, ती तर जवळजवळ पाहुण्यांच्याच बळावर. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड, मनोविश्लेषक एरिक फ्रॉम, धर्मचिंतक पॉल टिलिक अशी माणसे त्यांनी बागा आखू पाहणाऱ्या पोरांपुढे आणून उभी केली. १९६०-६१ मध्ये तोच प्रयोग त्यांनी दूरचित्रवाणीवरही केला. १९६९ साली त्यांचे 'डिझाइन विथ नेचर' हे पुस्तक निघाले. जमिनीचा पोत, पाण्याचे मार्ग, झाडी, उतार यांचे निरनिराळे नकाशे पारदर्शक कागदांवर काढून ते एकावर एक ठेवावयाचे, आणि जेथे काळोखी दाट दिसेल तेथे रस्ता वा इमारत घालावयाची नाही, अशी त्यांची साधी पण पक्की रीत होती. आज हेच काम संगणक करतो. परंतु प्रत्येक नकाशामागे त्या त्या विषयाचा एक जाणता लागतो, ही गोष्ट काही संगणकाने बदललेली नाही.

मॅकहार्ग यांच्या त्या पुस्तकास प्रस्तावना लुई मम्फर्ड यांची आहे, आणि मम्फर्ड हे पॅट्रिक गेडिस यांस गुरू मानीत. येथे बडोदेकराचे कान टवकारावेत. कारण हे गेडिस १९१६ साली बडोद्याचे पाहुणे होते. मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, वृत्तीने भटके. नगररचनेचे आपले प्रदर्शन त्यांनी १९१४ साली हिंदुस्थानास पाठविले, तर ते वाहून आणणारी बोट जर्मनांच्या 'एम्डेन' या युद्धनौकेने बुडविली. गृहस्थ खचले नाहीत. मित्रांकरवी नवे साहित्य जमवून त्यांनी मद्रासेस प्रदर्शन भरविलेच. त्यानंतर त्यांनी हिंदुस्थानातील अनेक शहरांविषयी अहवाल लिहिले. बडोद्याच्या विस्ताराविषयीचा अहवाल १९१६ चा, आमच्या इंदूरकर वाचकांच्या नगरीचा १९१८ चा. १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापकही होते. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याच्या तत्कालीन पद्धतीस त्यांचा विरोध होता. आधी गल्लीबोळ पायी तुडवा, मग जेथे अगदी अडते तेथेच थोडे कापा, असे ते सांगत. सांगायचे ते एवढेच, की अमेरिकेतील त्या गाजलेल्या वर्गाच्या वंशवृक्षाची एक मुळी आपल्या मांडवीच्या आसपास कोठेतरी रुजलेली आहे, आणि ते आपल्या मुलांस कोणी सांगत नाही.

पाहुण्यांकडून शिकावे ही बडोद्याची रीतच म्हणावी लागेल. कमाटीबाग १८७९ ची. सयाजीराव महाराज त्या वेळी वयाने लहान होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहात. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग यांची. १८९३ साली गुस्ताव क्रुम्बिगेल नावाचा जर्मन तरुण लंडनच्या क्यू उद्यानातून बडोद्याच्या चाकरीत आला. पुढे तो म्हैसूर दरबारी गेला, बंगळूरच्या लालबागेचा कारभारी झाला आणि त्याच शहरात १९५६ साली निवर्तला. एका रस्त्यावरचा बहर ओसरला की दुसऱ्या रस्त्यावरचा सुरू व्हावा, अशा क्रमाने झाडे लावण्याची त्याची कल्पना बंगळूरकर अजून अभिमानाने सांगतात. परदेशी माणसाने परदेशी झाडे आणली म्हणून नाक मुरडणारे एक मंडळ अलीकडे निघाले आहे. गुलमोहर मादागास्करचा, हे खरे. पण वैशाखात त्याच्याकडे पाहून ज्याचे डोळे निवत नाहीत, त्याच्याशी वाद घालण्यात आम्हांस स्वारस्य नाही. परदेशी झाड आणि अविचाराने लावलेले झाड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोनोकार्पसचे उदाहरण घ्या. बाराही महिने हिरवा, मागणे काही नाही, म्हणून रस्तोरस्ती त्याच्या रांगा लागल्या. शेवटी २०२३ साली गुजरात सरकारच्या वनखात्याने त्याच्या लागवडीस बंदी केली. गटारांच्या चेंबरांत शिरलेल्या त्याच्या मुळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस त्या बंदीचे कारण कोणी समजावून सांगण्याची जरुरी नाही.

व्याख्यानात आम्ही काय सांगतो? मुख्यतः उतार. विद्यार्थ्यांची रेखाचित्रे देखणी असतात. हिरव्या रंगाच्या सतरा छटा, झाडांखाली बसलेली हसरी माणसे, आकाशात पक्षी. फक्त पाणी कोठे जाणार, हे त्यात नसते. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी एक हिशेब घालतो. एक हेक्टर जागेवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर पाणी किती झाले? दहा हजार चौरस मीटर गुणिले एक शतांश मीटर, म्हणजे शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. एवढे पाणी एका सरीत तुमच्या अंगणात उतरणार आहे. ते तुम्ही कोठे ठेवणार? माती उघडी असेल तर बरेचसे जिरेल, सारे काँक्रीट असेल तर जवळजवळ सगळेच वाहून शेजाऱ्याच्या दारी जाईल. हा हिशेब फळ्यावर पुरा होताच वर्गात जी शांतता पसरते, ती आम्हांस पुष्पगुच्छाहून प्रिय आहे.

मग आम्ही दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याची गोष्ट सांगतो. तेथील चारबागेचे पुनरुज्जीवन २००३ साली पुरे झाले. त्या कामात पाण्याचे दगडी पाट पुन्हा बसविताना उतार ठेवला तो चाळीस मीटरांस सुमारे एक सेंटिमीटर. एवढ्या अल्प उतारावर पाणी वाहते ठेवणे म्हणजे काय कसब लागते, ते गवंड्यास विचारावे. या बागेचे भूदृश्यरचनाकार मोहम्मद शहीर हे दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये वर्षानुवर्षे शिकवीत. म्हणजे सकाळी वर्गात आणि दुपारी चिखलात, अशी त्यांची दुहेरी शिकवण. जवळच्याच सुंदर नर्सरीचा आराखडाही त्यांचाच. ती २०१८ साली लोकांस खुली झाली, आणि शहीर २०१५ मध्येच गेले होते. लावणारा एक आणि सावलीत बसणारा दुसरा, हे या धंद्यात चालायचेच.

विश्वामित्रीचा विषय आम्ही टाळीत नाही, आणि टाळू म्हटले तरी मुले टाळू देत नाहीत. २०२४ च्या ऑगस्टात आलेल्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. मगरी लोकांच्या अंगणात आल्या. वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी त्या वर्षी भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. तेव्हा 'नदीकाठास भिंत बांधावी काय' हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने परीक्षेतला नव्हता. आमचे मत आम्ही दडवीत नाही. विश्वामित्रीच्या दोन्ही काठांस ज्या घळी आहेत, ज्यांस गुजरातीत कोतर म्हणतात, त्या नदीच्या खिशांसारख्या आहेत. पूर आला की पाणी त्यांत शिरते आणि दमाने उतरते. वर्षानुवर्षे त्यांत इमारतींचा राडारोडा टाकून आपण ते खिसे शिवून टाकले. आता नदीस दोन्ही बाजूंनी ताठ भिंती घातल्या, तर ती एका मोहल्ल्याचे पाणी दुसऱ्या मोहल्ल्यात नेऊन टाकील, एवढेच. यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग आमच्या सोसायटीने काय करायचं? आम्ही तळमजल्यावर राहतो." या प्रश्नास आमच्यापाशी एका वाक्याचे उत्तर नव्हते. त्या दिवशी तास दोन तासांचा झाला, आणि अखेरीस तिच्या सोसायटीचा नकाशा फळ्यावर काढून पाणी कोठून येते व कोठे अडते, हे साऱ्या वर्गाने मिळून शोधले. कुंपणाच्या भिंतीखाली बुजविलेला एक जुना नाला निघाला.

परंतु ज्या व्याख्यात्यासाठी हा लेख लिहावयास आम्ही बसलो, ते वेगळेच. ते व्यवसायाने माळी. वय सत्तरीच्या घरात, शिक्षण सातवीपर्यंत, भाषा गुजराती. एका मोठ्या कारखान्याच्या आवाराची झाडे त्यांनी चाळीस वर्षे सांभाळली. त्यांस बोलवावे अशी सूचना आमची, आणि विभागप्रमुख बाईंनी ती मानली. माळीबुवा आले ते खुरपे घेऊनच. पडद्यावर दाखविण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते. वर्ग बाहेर नेऊन त्यांनी नव्या ग्रंथालयामागे ठेकेदाराने लावलेल्या झाडांपैकी एक मरतुकडे रोप उपटले. मुळांभोवती काळी प्लॅस्टिकची पिशवी तशीच होती. मुळ्या आतल्या आत गोल फिरून दोरखंडासारख्या वळल्या होत्या. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या खड्ड्यात पाणी साचून रोप कुजले होते. काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात चांगली माती भरली की तो खड्डा बादली होतो, पाणी बाहेर जात नाही, हे त्यांनी हाताने उकरून दाखविले. आमच्या सगळ्या उताराच्या हिशेबांत ही बादली कधी आली नव्हती.

मग ते म्हणाले, "वराप आवे पछी ज जमीनने हाथ लगाडाय." मुले एकमेकांकडे पाहू लागली. 'वराप' हा शब्द शहरात वाढलेल्या गुजराती मुलांसही ठाऊक नव्हता. आम्हांस मात्र तो ऐकताच आमच्या आजीचा शब्द आठवला, वाफसा. पाऊस थांबल्यानंतर जमीन ओली तर आहे पण चिकट नाही, हाती घेतलेले ढेकूळ वळतही नाही आणि खडखडतही नाही, सहज फुटते, अशी जी दोन-चार दिवसांची वेळ, तो वाफसा. त्याआधी काळ्या मातीत पाय घातला की ती दाबली जाऊन विटेसारखी होते, आणि नंतर घातला तर कुदळ उडते. इंग्रजी पुस्तकांत मातीत किती ओल मावते याची कोष्टके आहेत, पण तो आकडा आहे, वेळ नव्हे. माळीबुवांनी प्रत्येकाच्या तळहातावर मातीचे ढेकूळ ठेवले आणि दाबावयास लावले. बावीस मुले, बावीस ढेकळे. त्यांच्यात एक पोरगी आपली मराठी होती. घरी जाऊन तिने आजोबांस वाफसा म्हणजे काय ते विचारले, आणि आजोबा, जे एरवी तिच्या अभ्यासाविषयी काही बोलत नसत, तासभर बोलत राहिले, असे तिने आम्हांस पुढे सांगितले. त्या घराण्याची शेती तीन पिढ्यांपूर्वी सुटली आहे. शब्द तेवढा राहिला होता.

येथवर सारे गोड. कडू भाग मानधनाचा. व्याख्यात्यांच्या मानधनाच्या छापील अर्जात 'शैक्षणिक अर्हता' असा एक रकाना असतो, आणि पदव्युत्तर पदवीखालील माणसास मानधन देण्याची तरतूद नाही, असे कार्यालयाने कळविले. शाल व श्रीफळ देता येईल म्हणाले. माळीबुवांनी कागद आमच्या हाती देऊन शांतपणे विचारले, "साहेब, यात मी काय लिहू?" या प्रश्नाचा आम्हांस राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. त्या माणसाने त्या दिवशी त्याच आवारातील चाळीस रोपे का मेली, याचे निदान करून दिले होते. लावणाऱ्या ठेकेदाराचे बिल कोणत्याही रकान्यावाचून चुकते झाले होते.

आम्ही आणि त्या सत्रातील अन्य दोघा पाहुण्यांनी, म्हणजे एक वास्तुरचनाकार आणि एक वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका यांनी, मिळून एक पत्र दिले. मानधनाचा दर सर्वांस सारखा असावा, आणि तसे होईतो आमच्या पावत्यांवर आम्ही सही करणार नाही, एवढाच त्यात मजकूर. कार्यालयास आमच्या पैशाची निकड नव्हती, तेव्हा पत्र चार महिने पडून राहिले. पण वर्षअखेरीस हिशेबतपासनीस आला, आणि खर्ची न पडलेली रक्कम पाहून त्याने विचारणा केली. मग विभागप्रमुख बाईंनी वाट काढली. माळीबुवांची रक्कम 'प्रात्यक्षिक व स्थळभेट' या सदरातून निघाली. दर मात्र आमच्याहून कमीच. पत्रातील मागणी पुरी झाली असे म्हणता येत नाही, आणि यंदाच्या पत्रात आम्ही ती पुन्हा मांडली आहे.

माळीबुवांस या सगळ्या भानगडीत फार रस नव्हता. पैसे घेतले, मोजले, खिशात घातले. त्यांचे म्हणणे वेगळेच होते. तासाभराच्या व्याख्यानाने झाड लावता येत नाही, मुलांस आठ दिवस आपल्याकडे पाठवावे. हे म्हणणे बाईंनी उचलून धरले. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पंधरा मुले आठ दिवस त्यांच्या हाताखाली राबली. आळी केली, शेणखत कालविले, ग्रंथालयामागची रोपे उपटून मुळ्या मोकळ्या केल्या आणि खड्ड्यांऐवजी उंचवटे करून त्यांवर पुन्हा लावली. किती जगली ते आम्ही दिवाळीनंतर स्वतः मोजले. एकतीस.

यंदाचे वेळापत्रक नुकतेच आमच्या हाती आले. आमचे व्याख्यान शुक्रवारी अकरा वाजता, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत. माळीबुवांचेही आधी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, अकराच वाजता घातले होते. त्यांनी निरोप पाठविला की अकरा ही मातीची वेळ नव्हे, आणि तारीख काही आपल्या हाती नाही. तेव्हा छापील तक्त्यात त्यांच्या नावापुढील रकाना कोरा ठेवून बाईंनी शाईने लिहिले आहे : पावसाने उघडीप दिल्यानंतर, वराप आल्यावर, सकाळी सात.